अज्ञातकुलशील

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी एक म्हण आपल्या भाषेंत रूढ आहे. आणि अज्ञातकुलशील माणसाला घरांत थारा देऊं नये, असा उपदेशहि आपल्याच नीतिकथांनीं पिढ्यान्‌पिढ्या केलेला आहे. एकाच समाजाच्या मुखीं हीं दोन्ही वचनें सुखानें नांदतात, आणि प्रसंग पडेल त्याप्रमाणें आपण कधीं हें, कधीं तें पुढें करतों. ज्याच्याकडून लाभ व्हावयाचा असतो त्याचें कूळ आपण विचारीत नाहीं. ज्याला टाळावयाचें असतें त्याच्या कुळाची मात्र कसून चौकशी करतों. हा मनुष्यस्वभावच आहे, असें म्हणून विषय सोडून देतां आला असता. आणि इतकीं वर्षें तर्कशास्त्र शिकवीत असूनहि मीं तो सोडूनच दिला होता. तो पुन्हा उकरून काढण्यास कारण झाली ती एक जुनी मोटारसायकल.

माझ्या भाच्यानें गेल्या उन्हाळ्यांत ती विकत आणली. मातींतून आणि माळावरच्या चढउतारांवरून पळविण्याची, हल्लींचे तरुण जिला ‘डर्ट बाइक’ म्हणतात त्या जातीची ती गाडी. सांगाडा कोणीतरी घरींच जोडलेला, टायर जाड दांत्यांचे, दिवा नाहीं, नंबराची पाटी नाहीं. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि दट्ट्याची धांवहि ५० मिलिमीटर, म्हणजे सुमारें ९८ घन सेंटिमीटरचें दोन धांवांचें इंजिन. त्यावरून तें आपल्याकडे १९८५ पासून १९९६ पर्यंत विकल्या गेलेल्या यामाहा आरएक्स १०० चें असावें, असा आमचा तर्क. पण ठिणगी उत्पन्न करणारा मॅग्नेटो उघड उघड दुसऱ्याच कुळांतला होता. कागदपत्रांविषयीं विचारलें तेव्हां विकणारा दलाल म्हणाला, “ही शर्यतीची गाडी, हिला कागद कशाला?” हें उत्तर सर्वस्वीं खोटें नव्हतें, आणि म्हणूनच तें धोक्याचें होतें. भाचा तरुण, किंमत थोडी, गाडी देखणी. उत्तर पटलें.

आल्या दिवसापासून गाडी नीट चालेना. किक मारली कीं पायटा कधीं कधीं उलटा उसळे. एकदां त्यानें भाच्याचा घोटा चांगलाच सुजविला. सुरू झाली तर चढावर आंतून खडे वाजविल्यासारखा आवाज येई. आमच्या भागांतल्या वृद्ध मिस्त्रींनीं दोन मिनिटें कान लावला आणि सांगितलें, “टायमिंग पुढें गेलंय, सर.”

ह्या ‘टायमिंग’चा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. दट्ट्या वर येऊन हवा व पेट्रोल ह्यांचें मिश्रण दाबतो, ठिणगी पडते, मिश्रण जळतें आणि दट्ट्या खालीं ढकलला जातो. साध्या बुद्धीला वाटेल कीं दट्ट्या अगदीं शिखरावर असतांना ठिणगी पडावी. पण ज्वाळेला पसरावयास वेळ लागतो. मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागांत पुरा होतो. त्यांतले वीस अंश सरावयास सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहून किंचित् अधिक काळ लागतो. तेवढी सवड ज्वाळेला मिळावी म्हणून ठिणगी शिखरापूर्वीं पाडावी लागते. फार आधीं पाडली तर वर येणाऱ्या दट्ट्याच्या डोक्यावर स्फोटाचा घण बसतो. अतिशय झालें तर ॲल्युमिनियमच्या त्या डोक्याला भोंकच पडतें. फार उशीरा पाडली तर जोर वायां जातो आणि उष्णता धुराच्या नळीवाटे बाहेर पडते. योग्य कर्म अयोग्य वेळीं केलें तर तें अकर्माहून घातक होतें, ह्याचें याहून स्वच्छ उदाहरण मला नीतिशास्त्राच्या कोणत्याहि ग्रंथांत आढळलेलें नाहीं.

आतां ठिणगी कोठें पडावी हें दाखविण्यासाठीं कारखानदार गतिचक्रावर एक खूण आणि इंजिनाच्या पेटीवर दुसरी खूण कोरून ठेवतो. दोन्ही समोरासमोर आल्या कीं झालें. मिस्त्रींच्या तरुण मदतनिसानें नेमकें हेंच पूर्वीं केलें होतें. खुणा जुळल्या होत्या, आणि तरी पायटा उसळतच होता.

आमचे नैयायिक प्रमाणें चार मानतात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. गतिचक्रावरची खूण हें शब्दप्रमाण होय. परंतु न्यायशास्त्रानें शब्दाला प्रमाण मानतांना एक अट घातली आहे : तो शब्द आप्ताचा पाहिजे, म्हणजे ज्याला वस्तूचें यथार्थ ज्ञान आहे व तें जसेंच्या तसें सांगण्याची ज्याची इच्छा आहे, अशाचा पाहिजे. आमच्या गाडीच्या गतिचक्रावर ज्यानें खूण कोरली तो कारखानदार प्रामाणिक होता, ज्ञाताहि होता. पण तो दुसऱ्याच इंजिनाविषयीं बोलत होता. त्याचें वाक्य खरें होतें, परंतु तें आतां भलत्याच पत्त्यावर येऊन पडलें होतें. ज्याला मुळापासून तोडून दुसरीकडे चिकटविलें आहे असा शब्द, त्याचा कर्ता कितीहि सत्यवचनी असला तरी, आप्तवाक्य राहत नाहीं. जुन्या ग्रंथांतलीं विधिवाक्यें आजच्या जीवनावर जशींच्या तशीं बसवूं पाहणाऱ्यांनीं ह्या गतिचक्राकडे एकदां लक्षपूर्वक पाहावें, असें मला वाटून गेलें.

शब्द खोटा पडला, तेव्हां प्रत्यक्षाकडे वळणें भाग होतें. पण प्रत्यक्षहि वाटतें तितकें सोपें नाहीं. दट्ट्याचें शिखरस्थान, मिस्त्री लोकांच्या भाषेंत ‘टॉप’, आधीं ठरवावयाचें. शिखराजवळ दट्ट्या जवळजवळ थांबल्यासारखाच असतो. आमच्या मापाच्या इंजिनांत, मधला दांडा १०० मिलिमीटर धरला तर, शिखराभोंवतालच्या पांच अंशांत तो जेमतेम ०.१२ मिलिमीटर हलतो. प्लगच्या भोंकांत पेचकस घालून बोटाच्या अंदाजानें ‘हाच टॉप’ म्हणणारा मनुष्य पांच अंशांनीं सहज चुकतो. म्हणून वृद्ध मिस्त्रींनीं वेगळी युक्ति केली. प्लगच्या भोंकांत दट्ट्याला अडवील असा एक खिळा पेंचानें बसविला; चाक हळूच एका बाजूनें फिरवून दट्ट्या टेकला तेथें खूण केली; मग उलट फिरवून टेकला तेथें दुसरी केली; आणि दोहोंचा मध्य काढला. तो मध्य म्हणजे शिखर. जें ठिकाण प्रत्यक्ष पाहूं गेलें असतां निसटतें, तें दोन्ही बाजूंनीं त्याच्या अलीकडे थांबून अचूक सांपडतें. हें मीं पाहिलें आणि इतक्या वर्षांच्या अध्यापनांत वादी आणि प्रतिवादी ह्यांच्याविषयीं जें शब्दांनीं सांगत आलों तें डोळ्यांपुढें उभें राहिलें.

त्यानंतर तबकडीचें मापयंत्र लावलें, आणि पॉइंटांच्या मध्यें सिगारेटचा पातळ कागद धरला. चाक फिरवितां फिरवितां ज्या क्षणीं कागद सैल होऊन सुटतो, त्या क्षणीं पॉइंट उघडतात व ठिणगी पडते. कागद सुटला तेव्हां दट्ट्या शिखराखालीं २.९ मिलिमीटरवर होता. म्हणजे ठिणगी सुमारें पंचवीस अंश आधीं पडत होती.

येथें भाचा आनंदानें म्हणाला, “मामा, सांपडलं!” पण काय सांपडलें होतें? ठिणगी कोठें पडते हें कळलें होतें. ती कोठें पडावी हें कळलें नव्हतें. डेव्हिड ह्यूमनें १७४० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत ‘आहे’ आणि ‘असावें’ ह्यांमधील दरीकडे बोट दाखविलें, हें मी दरवर्षीं विद्यार्थ्यांना सांगतों. ती दरी मीं प्रत्यक्ष पाहिली ती त्या दिवशीं गॅरेजांत. इंजिनाचें कूळ ठाऊक असतें तर कारखान्याच्या पुस्तकांतून योग्य आंकडा काढतां आला असता. परंतु सिलिंडर एका घरचा, मॅग्नेटो दुसऱ्या घरचा, आणि सिलिंडरचें झाकण कोणीतरी घासून दाब वाढविलेला. अशा संकरित यंत्राला लागू पडेल असें पुस्तक जगांत नाहीं.

तेव्हां मिस्त्रींनीं जो मार्ग धरला त्याला मी नीतीचा मार्ग म्हणतों. ते म्हणाले, “आधीं मुद्दाम उशीरा ठेवूं. उशीर झाला तर गाडी रुसते, लवकर झाली तर मरते.” अज्ञान असतां चुकावयाचें तर जी चूक सुधारतां येईल त्या बाजूला चुकावें, हा नियम त्यांनीं एका वाक्यांत सांगितला. उशीराच्या चुकीलाहि दंड आहे. तसेंच फार काळ चालविल्यास इंजिन तापतें. परंतु ती चूक बोलते, मंदपणानें स्वतःला जाहीर करते, आणि दुरुस्तीला अवधि देते. दुसरी चूक ओळखूं येईपर्यंत पुष्कळदां दट्ट्या गेलेला असतो. न्यायाधीशानें संशयाचा फायदा आरोपीला द्यावा ह्या तत्त्वाच्या मुळाशीं हाच विवेक आहे : सुटलेल्याला पुन्हा पकडतां येतें, फांशी दिलेल्याला परत आणतां येत नाहीं.

ठिणगी १.२ मिलिमीटरवर आणली. गाडी सुरू झाली, पण सुस्त. मग पेंच सैल करून तळची चकती केसभर फिरवावयाची, माळावर एक चढ चढून यावयाचें, प्लग काढून त्याच्या चिनी मातीच्या भागावर ॲल्युमिनियमचे बारीक कण चिकटले आहेत काय तें भिंगांतून पाहावयाचें, आणि पुन्हा केसभर. असें चार वेळां झालें. १.८ मिलिमीटरवर इंजिनाचा स्वर एकदम मोकळा झाला. चढावरचे खडे वाजेनात, पायटा उसळेना. ज्ञानाचें प्रामाण्य त्या ज्ञानांतच असतें असें मीमांसक म्हणतात. तें सफल प्रवृत्तीनें, म्हणजे त्या ज्ञानाला अनुसरून केलेल्या कृतीच्या यशानें ठरतें, असें नैयायिक म्हणतात. दुरून दिसलेलें पाणी खरें कीं मृगजळ हें तहान भागल्यावरच कळतें. त्या सायंकाळीं मी पुरा नैयायिक झालों. कूळ ठाऊक नसतांहि वस्तूचा धर्म शोधतां येतो. तिला नीट विचारलें तर ती स्वतःच उत्तर देते. म्हणीचा विजय झाला असें वाटलें.

गाडी पुसतांना इंजिनाच्या पेटीवर कोरलेला क्रमांक माझ्या दृष्टीस पडला. तो स्वच्छ वाचतां येत होता. मी सहज म्हणालों, “हें इंजिन ज्या गाडींतून काढलें ती कोणाची होती, हें ह्या आंकड्यावरून समजूं शकेल.” भाच्याचा चेहरा पालटला. तो म्हणाला, “मामा, आत्तांच तुम्ही म्हणालांत ना, मुळाशीं काय करायचंय म्हणून?”

आणि तो केवळ हट्टानें बोलला नाहीं. त्यानें वाचन केलेलें होतें. दोन धांवांच्या ह्या इंजिनांचें कूळ तरी कोठें स्वच्छ आहे, असें त्यानें मला विचारलें. जर्मनींतल्या डीकेडब्ल्यू कारखान्याची १९३९ सालची आरटी १२५ ही गाडी. युद्धांत जर्मनीचा पराभव होतांच तिची रचना जेत्यांनीं उचलली. रशियांत मॉस्क्वा, इंग्लंडांत १९४८ सालीं बीएसए बँटम, अमेरिकेंत त्याच सालीं हार्ले-डेव्हिडसनची लहान गाडी, आणि १९५५ सालीं जपानांत यामाहाची पहिली मोटारसायकल. हीं सारीं त्या एकाच बीजाचीं रोपें. पुढें पूर्व जर्मनींतल्या एमझेड कारखान्यांत वाल्टर काडेन ह्यानें अशा इंजिनांतून अपूर्व शक्ति काढण्याची विद्या सिद्ध केली. त्याचाच स्वार अर्न्स्ट डेग्नर १९६१ सालीं स्वीडनच्या शर्यतीहून पळून गेला, ती विद्या घेऊन जपानच्या सुझुकीला मिळाला, आणि १९६२ सालीं सुझुकीच्या गाडीवर ५० घन सेंटिमीटरच्या वर्गांत जगज्जेता झाला. “ज्या इंजिनांचा सगळा वंशच असा उसनवारीचा, त्यांतल्या एका क्रमांकाची चौकशी करून काय मिळणार?” असा त्याचा प्रश्न होता.

मला त्या वेळीं चटकन् उत्तर सुचलें नाहीं. रात्रीं विचार करतांना लक्षांत आलें कीं आम्ही दोघांनींहि एका शब्दाखालीं दोन प्रश्न दडपले होते. ‘हें कोठून आलें?’ ह्या प्रश्नाचा एक अर्थ असा : उगमावरून ह्याची योग्यता ठरते काय? त्याला उत्तर, नाहीं. हीन कुळांत जन्मलेला मनुष्य हीन नव्हे, आणि वाटेल त्या सांगाड्यांत बसविलेलें इंजिन वाईट नव्हे; योग्यता गुणांवरून आणि कसोटीवरून ठरते. म्हण ह्या अर्थीं सर्वथैव खरी आहे, आणि आपल्या समाजानें ती माणसांच्या बाबतींत फार थोडी पाळली ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट आहे. परंतु त्याच शब्दांत दुसरा प्रश्न असतो : हें येथें येतांना कोणाच्या हातून सुटलें? कोणाचें दार ह्यामुळें रिकामें झालें? हा प्रश्न वस्तूच्या गुणांविषयीं नाहींच. तो एका तिऱ्हाइताविषयीं आहे, जो ह्या संभाषणांत हजर नाहीं. इंजिन १.८ मिलिमीटरवर कितीहि सुंदर चालो, त्या माणसाला त्यानें उत्तर मिळत नाहीं. मापयंत्र ज्याचें उत्तर देऊं शकतें तो प्रश्न सुटला, म्हणून जो त्याच्या आवांक्यांतच नाहीं तोहि सुटला असें समजण्याची चूक मीं केली होती. आणि यशाच्या आनंदांत ती चूक फार गोड लागते.

भाच्याच्या इतिहासालाहि ह्यांतच उत्तर आहे. विद्या घेतली गेली तरी ज्याची त्याच्याजवळ उरते, वस्तु उरत नाहीं. एवढा भेद सांगून मी स्वतःचें समाधान करून घेणार होतों. पण तें पुरेसें नाहीं. काडेनच्या जवळ विद्या उरली, तरी तिचें फळ गेलें. खरें उत्तर असें कीं, पूर्वजांच्या अपराधांची लांब यादी ही आजच्या अपराधाची क्षमा होऊं शकत नाहीं. वंश उसनवारीचा आहे हें ज्ञान जर आपल्याला नम्र करीत असेल तर तें ज्ञान. बेफिकीर करीत असेल तर ती केवळ सबब.

सत्यकाम जाबालाची कथा ह्या प्रसंगीं आठवल्याशिवाय राहत नाहीं. छांदोग्योपनिषदांतली ही कथा आपण बहुधा अशी सांगतों कीं, गौतम ऋषींनीं कुळाचा विचार न करतां त्या मुलाला शिष्य केलें. पण कथा तशी नाहीं. गौतमांनीं गोत्र विचारलें. मुलानें, आईनें जें सांगितलें तें जसेंच्या तसें सांगितलें : तरुणपणीं अनेक ठिकाणीं राबतांना तूं झालास, तुझें गोत्र मला ठाऊक नाहीं. ह्या सत्यावरच गौतम प्रसन्न झाले. म्हणजे प्रश्न विचारणें गैर ठरलें नाहीं, आणि उत्तर नसणेंहि गैर ठरलें नाहीं. नाहीं तें उत्तर बनविणें तेवढें गैर ठरलें असतें. ‘ठाऊक नाहीं’ आणि ‘विचारूं नका’ ह्या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. जबालेनें पहिलें म्हटलें. आमच्या दलालानें दुसरें. आणि आम्ही तें ऐकून गप्प बसलों, तेव्हां आम्हीहि दुसरेंच म्हणालों. कायद्यालाहि हा भेद कळतो. १८६० सालच्या दंडसंहितेनें, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेनेंहि, चोरीचा माल अप्रामाणिकपणें घेणाऱ्याच्या अपराधाचा विचार करतांना ‘त्याला ठाऊक होतें काय’ एवढेंच विचारलें नाहीं; तसें मानावयास त्याला कारण होतें काय, हेंहि विचारलें आहे. डोळे मिटून घेतल्यानें मिळणारें अज्ञान कायदा निर्दोष समजत नाहीं.

मीं भाच्याला सांगितलें, “क्रमांक घेऊन पोलिस-ठाण्यांत जा, मीहि येतों.” तो तीन आठवडे माझ्याशीं बोलला नाहीं. गाडी ओसरींत उभी होती, तिच्याकडे तो पाहतहि नसे. गाडी जाईल ही त्याला भीति होती, आणि ती खोटी नव्हती. त्यानें साठविलेले पैसे तींत गुंतले होते, माझे नव्हते. दुसऱ्याच्या खर्चानें नीतिमान् होणें किती सोपें असतें हें त्या तीन आठवड्यांत मला उमगलें. मग एके दिवशीं सकाळीं तो आला आणि म्हणाला, “चला.”

ठाण्यांत क्रमांक लिहून घेतला गेला. त्यांच्याजवळच्या नोंदींत त्या इंजिनाविषयीं कोणाची तक्रार सांपडली नाहीं. एवढ्यानें तें निष्कलंक ठरलें असें नाहीं. भंगारांत रीतसर निघालेल्या गाडीचें तें असेल, किंवा जिनें तक्रारच नोंदविली नाहीं अशा एखाद्या हताश कुटुंबाचेंहि असेल. शिखरासारखें तें दोन बाजूंनीं मोजून काढतां आलें नाहीं. परंतु आतां आमचें ‘ठाऊक नाहीं’ हें जबालेचें होतें, दलालाचें नव्हतें. आणि ज्याची वस्तु असेल त्याला आमचा पत्ता मिळूं शकेल अशी वाट मोकळी राहिली होती.

त्यानंतर भाच्यानें आपण होऊन एक गोष्ट केली, ती मला सुचली नव्हती. त्यानें एक वही केली. तींत इंजिनाचा क्रमांक, गाडी कोणत्या दिवशीं, कोणाकडून, किती रुपयांना घेतली तें, ठाण्यांत केलेल्या चौकशीची तारीख, गतिचक्रावरची खूण खोटी आहे ही सूचना, आणि ‘ठिणगी १.८ मिलिमीटर’ हा आंकडा, असें सारें लिहून ती वही बैठकीखालच्या पेटींत ठेवली. गाडी विकली तर वही तिच्याबरोबर जाईल. तो म्हणाला, “मला हिचा मागचा पत्ता लागला नाहीं, मामा, पण माझ्या पुढच्याला माझा तरी लागावा.”

मी पुन्हा त्या म्हणीकडे येतों. नदीचें मूळ सांपडेलच असें नाहीं, आणि न सांपडलें म्हणून तिचें पाणी वाईट ठरत नाहीं. पण ज्याच्या दारावरून ती वाहत जाते त्यानें निदान आपल्या घाटापाशीं तिच्यांत काय सोडलें, हें खालच्या गांवाला सांगितलें पाहिजे.